पंधरा हजार फेरे: सर्व्हरची हार्ड डिस्क घरी येते तेव्हा

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी आम्हाला विचारले, सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम हार्ड डिस्क? प्रश्न रास्त आहे. आम्ही वर्गात वर्षानुवर्षे काळाविषयी शिकवले, पण काळाशी आमची खरी गाठ पडली ती २००६ साली, घरचा संगणक सुरू व्हायची वाट पाहताना. बटण दाबायचे, स्वयंपाकघरात जायचे, चहा टाकायचा, चहा उकळायचा, आणि परत आलो तरी पडद्यावर ते घड्याळ्याचे चिन्ह तसेच. खोक्यातून सारखी करकर चालू. आमचा एक जुना विद्यार्थी एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचा. तो म्हणाला, "सर, नवा संगणक कशाला घेता? सर्व्हरमधून काढलेली पंधरा हजार आरपीएमची डिस्क टाका. आहे तोच पळायला लागेल."

पंधरा हजार म्हणजे मिनिटाला पंधरा हजार फेरे. आमच्या संगणकातली डिस्क ७,२०० फेरे घेत होती. म्हणजे वेग दुपटीहून जास्त झाला, असा हिशेब कोणीही करेल. आम्हीही केला. तो चुकला, आणि का चुकला ते समजायला आम्हाला ५० वर्षे मागे जावे लागले. आजचे व्याख्यान म्हणजे तोच प्रवास आहे.

१९५६ साली आयबीएमने रामॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले. त्यातल्या साठवणीच्या भागाला ३५० हा क्रमांक होता. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, आणि सगळा डोलारा मिनिटाला १,२०० फेरे घेत फिरायचा. वजन टनाच्या घरात. त्यात मावायची ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलवरचा एखादा फोटोसुद्धा त्यात कदाचित बसणार नाही. पूर्ण यंत्रणेचे भाडे महिन्याला ३,२०० डॉलर.

आता हे यंत्र कशासाठी बनवले, ते लक्षात घ्या. जास्त माल साठवावा म्हणून ते बनवले नव्हते. साठवायला चुंबकीय फीत होती, छिद्रांची कार्डे होती, आणि ती स्वस्तही होती. अडचण वेगळी होती. फितीवर मधलीच एखादी नोंद हवी असेल तर तिथपर्यंतची सगळी फीत गुंडाळावी लागे. म्हणून कचेऱ्यांत दिवसभराच्या नोंदी साठवायच्या, क्रमाने लावायच्या आणि रात्री एकदम फितीवरून फिरवायच्या, अशी पद्धत होती. गिऱ्हाईक समोर उभे आहे, त्याच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे उद्या कळणार. रामॅकने हे मोडले. कुठलीही नोंद, कुठल्याही क्रमाने, लगेच. म्हणजे हार्ड डिस्कचा जन्मच मुळी वाट पाहणे कमी करण्यासाठी झाला. 'किती मावते' हा प्रश्न नंतरचा, 'किती वेळ थांबायचे' हा पहिला.

रामॅकचे 'लगेच' म्हणजे सरासरी सहा दशांश सेकंद. पन्नास तबकड्यांना मिळून वाचणारा हात एकच होता. तो खांबावरून लिफ्टसारखा वरखाली जायचा, हव्या त्या तबकडीपाशी थांबायचा, मग आत शिरायचा. पाच वर्षांनी, १९६१ साली, आयबीएमने १३०१ हे यंत्र आणले. त्यात प्रत्येक पृष्ठभागाला स्वतःचे हेड होते आणि फिरत्या तबकडीबरोबर जी हवा खेचली जाते, तिच्याच गादीवर ते तरंगत होते. वरखाली जाणे संपले, उरले फक्त आत-बाहेर. नंतर जेवढ्या म्हणून हार्ड डिस्क झाल्या, त्यांची ठेवण मुळात हीच राहिली.

तर डिस्ककडून काही मागितले की थांबणे तीन प्रकारचे असते. हात योग्य वर्तुळावर जाईपर्यंत एक. मग तबकडी फिरत फिरत हवी ती जागा हेडखाली येईपर्यंत दुसरे. आणि प्रत्यक्ष वाचून माहिती बाहेर यायला तिसरे. चांगदेवाच्या डोंगरावरून उतरणारा पाहुणा, फाट्यावर एसटीची वाट आणि मग एसटीतला प्रवास, असे समजा. एसटी कितीही जोरात पळो, फाट्यावरचे उभे राहणे त्याने कमी होत नाही.

दुसऱ्या थांबण्याचा हिशेब अगदी सोपा आहे, आणि तो कुठल्याही कंपनीला बदलता येत नाही. हवी ती जागा कधी समोरच असते, कधी नुकतीच निघून गेलेली असते, म्हणून सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. अर्ध्या फेऱ्याला लागले ४.१७ मिलिसेकंद. १०,००० फेऱ्यांना ३ मिलिसेकंद. १५,००० ला बरोबर २. त्यात हाताचा वेळ मिळवा. घरगुती डिस्कचा हात सरासरी साडेआठ-नऊ मिलिसेकंद घेतो, पंधरा हजारवाल्याचा चारच्या आत-बाहेर. बेरीज झाली तेरा विरुद्ध सहा.

मिलिसेकंद ऐकून हसू येते. पण संगणक सुरू होताना तो डिस्ककडे एकदाच जात नाही. असे धरा की त्याला पाच हजार बारीकसारीक तुकडे ठिकठिकाणाहून गोळा करायचे आहेत. तेरा मिलिसेकंदांनी ६५ सेकंद होतात, सहाने ३०. हेच काम रामॅकला दिले असते तर ५० मिनिटे. आमचा विद्यार्थी जे सांगत होता त्यात तथ्य होते, ते एवढे.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०७ च्या ग्रंथात साखरपाण्याचे उदाहरण दिले आहे. साखर विरघळेपर्यंत मला थांबावेच लागते, आणि ते थांबणे गणितातल्या काळासारखे हवे तसे ताणता-आखडता येत नाही, ते माझ्या अधीरतेशी एकजीव झालेले असते, असा त्याचा मुद्दा. आम्ही हा भाग वर्गात कितीदा शिकवला असेल! पण चहाचा कप हातात घेऊन त्या करकरणाऱ्या खोक्यासमोर उभे राहिल्यावर तो जसा कळला, तसा पुस्तकातून कळला नव्हता. असो.

पुढचा इतिहास थोडा पळवतो, कारण नावे पुष्कळ आहेत आणि सगळी महत्त्वाची नाहीत. पण एक माणूस सोडवत नाही. अ‍ॅलन शुगार्ट. हा रामॅकच्या काळातला आयबीएमचा माणूस. पुढे त्याने स्वतःच्या नावाची कंपनी काढली, तिथून बाहेर पडला, आणि १९७९ साली फिनिस कॉनर वगैरे मंडळींबरोबर दुसरी काढली, तीच सीगेट. १९८० साली सीगेटने सव्वापाच इंची हार्ड डिस्क आणली. क्षमता पाच मेगाबाइट. म्हणजे रामॅकचे टनभराचे धूड चोवीस वर्षांत हातात धरता येईल अशा डब्यात आले. दरम्यान शुगार्टच्या जुन्या कंपनीने डिस्क जोडण्याची एक पद्धत बसवली होती. तिला १९८६ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली आणि नाव पडले स्कझी. बाजारात मग दोन घराणी झाली. घरगुती संगणकाला स्वस्त जोडणी, आणि बँका, विमान कंपन्या, मोठ्या कचेऱ्या यांच्या सर्व्हरला स्कझी.

सर्व्हरच्या घराण्यात फेऱ्यांची स्पर्धा लागली. १९९२ साली सीगेटच्या बाराकुडाने ७,२०० गाठले, १९९६ साली चीताने १०,०००, आणि २००० साली चीता एक्स-१५ ने १५,०००. ही पहिली पंधरा हजारी डिस्क १८ जीबीची होती. आता एक तुलना करून बघा. १९५६ ते २००० या ४४ वर्षांत एका यंत्रातली साठवण साडेतीन हजारपटींहून जास्त वाढली, तीही यंत्र टनावरून किलोभरावर आलेले असताना. आणि फेरे? १,२०० चे १५,०००. साडेबारापट. एवढेच.

असे का, याचे कारण हवा. तबकडी हवेत फिरते, हवा तिला अडवते, आणि वेग वाढला की तो अडथळा वेगाच्या जवळजवळ तिसऱ्या घाताने वीज खातो. फेरे दुप्पट केले तर सात-आठपट. तबकडीचा व्यास वाढला तर त्याहून वाईट. म्हणून पंधरा हजारी डिस्क करताना कंपन्यांनी तबकडीच लहान केली. बाहेरून डबा साडेतीन इंची, सर्व्हरच्या खणात बसणारा. आत तबकडी अडीच इंचांच्या आसपास. उरलेल्या जागेत नुसती धातूची भिंत. जागा मुद्दाम वाया घालवली, कारण विकत घेणाऱ्याला जागा नको होती, वेळ हवा होता. लहान तबकडीवर हाताला जायचे अंतरही कमी, म्हणून तोही लवकर पोहोचतो.

आमचा सुरुवातीचा हिशेब इथे फसला. घरगुती डिस्कची मोठी तबकडी, ९५ मिलिमीटरची, ७,२०० फेऱ्यांना फिरते तेव्हा तिची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने जाते. पंधरा हजारीची लहान तबकडी, ६५ मिलिमीटर धरा, तिची कड जाते ताशी १८० च्या आसपास. दुप्पट नव्हेच. आणि मोठी फाइल सलग वाचताना हेडखालून किती अक्षरे जातात, हे कडेचा वेग आणि अक्षरे किती दाटीने लिहिली आहेत, या दोन्हींवर ठरते. दाटी दरवर्षी वाढत होती. त्यामुळे सर्व्हरची चार वर्षे जुनी डिस्क आणि दुकानातली नवी घरगुती डिस्क यांची गाठ घातली, तर मोठे चित्रपट, गाणी, फोटोंचे गठ्ठे उतरवण्यात बहुधा नवी स्वस्त डिस्कच पुढे जायची. फाट्यावरचे थांबणे जुनीचे कमी, एसटी मात्र नवीची वेगवान.

पण याहून खोल एक गोष्ट आहे, आणि खरे तर तीच सांगायला आम्ही आज इथे आलो. सर्व्हरची डिस्क गर्दीसाठी घडवलेली असते.

म्हणजे काय, तर पोस्टमन आठवा. त्याच्या पिशवीत दोनशे पत्रे असली तर तो आली त्या क्रमाने वाटत नाही. आधी गल्लीप्रमाणे लावून घेतो आणि एका फेरीत सगळे उरकतो. स्कझी डिस्क हेच करायची. शंभर कारकुनांच्या शंभर मागण्या एकदम आल्या की त्या स्वतःच लावून घ्यायच्या आणि हात कमीत कमी हलेल अशा क्रमाने पुरवायच्या. गर्दी जितकी जास्त तितकी तिची हुशारी जास्त दिसते. आता हाच पोस्टमन एका घराला नेमला आणि पिशवीत पत्र एकच. लावायचे काय? घरी माणूस एकटा बसलेला असतो. तो एक गोष्ट मागतो, ती येईपर्यंत थांबतो, मग दुसरी मागतो. उलट घरगुती डिस्कच्या आतली आज्ञावली अशा एकट्या माणसाच्या सवयी ओळखून लिहिलेली असते. याने आत्ता हे मागितले, तर पुढचे लागूनच असलेले मागणार, म्हणून ती आधीच वाचून ठेवते. सर्व्हरच्या डिस्कला त्याची फारशी पर्वा नसते, कारण गर्दीत पुढची मागणी कुठून येईल याचा भरवसा नसतो.

दुसरे उदाहरण तर आम्हाला फारच बोलके वाटते. तबकडीवरचा एखादा भाग नीट वाचला जात नसेल तर घरगुती डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, मिनिटभरसुद्धा. सर्व्हरसाठीची डिस्क, विशेषतः गटात चालवायची म्हणून केलेली, साधारण सात सेकंदांत हात वर करते. आळशीपणा नव्हे तो. तिच्या शेजारी तीच माहिती घेऊन दुसरी डिस्क बसलेली असते, तिच्याकडून ती मिळेल, मग सगळ्यांना का ताटकळत ठेवायचे? हा समंजसपणा आहे, पण सोबत असेल तर. एकटीला घरी आणून बसवली की तोच गुण अंगावर येतो, कारण शेजारी कोणी नाही. अ‍ॅरिस्टॉटलने गुण म्हणजे काय ते कार्यावरून ठरवले. सुरीचा गुण कापण्यात. कार्य बदलले की गुणाचे काय होते, हे पाहायला हार्ड डिस्कइतके स्वच्छ उदाहरण आम्हाला नीतिशास्त्राच्या पुस्तकांत सापडले नाही.

इतिहासाची गंमत बघा. १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की मोठ्या संगणकाची एक अवाढव्य, महागडी डिस्क घेण्यापेक्षा वैयक्तिक संगणकाच्या लहान, स्वस्त डिस्कचा ताफा लावा, आणि एखादी मेली तरी माहिती वाचेल अशी रचना करा. त्यांनी आयबीएमच्या मोठ्या डिस्कशी ज्या छोट्या डिस्कची तुलना केली ती कॉनरच्या कंपनीची होती, हाच तो सीगेटवाला फिनिस कॉनर. या रचनेला रेड म्हणतात. त्यातले एक अक्षर मूळ निबंधात 'स्वस्त' या शब्दाचे होते. पुढे कंपन्यांनी ते बदलून 'स्वतंत्र' केले, स्वस्त म्हणून महाग कसे विकणार! तर १९८८ साली घरगुती डिस्क सर्व्हरमध्ये न्या असा विचार निघाला, आणि पंधरा-वीस वर्षांनी आमच्यासारखे लोक सर्व्हरच्या डिस्क घरी आणत होते. २००३ साली वेस्टर्न डिजिटलने रॅप्टर ही १०,००० फेऱ्यांची डिस्क घरगुती जोडणीत आणली. सर्व्हरचा जोर घरात हवा असणारे गिऱ्हाईक आहे, हे कंपनीलाही दिसले होते.

आता आमचे काय झाले ते सांगतो. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे नवे-जुने भाग मिळतात. विद्यार्थ्याने तिथून पंधरा हजारी, ३६ जीबीच्या दोन जुन्या डिस्क आणल्या. पण नुसती डिस्क आणून भागत नाही हो. घरच्या संगणकात स्कझी जोडणी नसते, म्हणून वेगळे कार्ड. त्याची रुंद केबल. केबलच्या टोकाला टर्मिनेटर, तो नसेल तर डिस्क एक मिनिट दिसते, दुसऱ्या मिनिटाला नाही. सर्व्हरच्या डिस्कला वीज आणि माहिती एकाच ८० पिनांच्या जोडातून जाते, म्हणून मध्ये एक अडॅप्टर. डिस्क इतकी तापली की समोर वेगळा पंखा. आणि आवाज! बारीक, चढत जाणारी शिटी. आमच्या सौ. म्हणाल्या, "घरात विमान उतरवणार आहात का?"

वेग आला का? आला. प्रोग्रॅम उघडणे, चार गोष्टी एकदम चालू ठेवणे, यात फरक सहज जाणवायचा. पण संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून सगळा खटाटोप, आणि ते नवे कार्ड दर वेळी सुरुवातीला कुठे कोणती डिस्क आहे हे तपासण्यात स्वतःच दहा-पंधरा सेकंद घ्यायचे. वाचवलेल्यातला बराच वेळ तिथेच जाई. शिवाय खरे दुखणे दुसरीकडे होते, ते नंतर कळले. आमच्या संगणकाची रॅम २५६ एमबी. ती पुरेना की संगणक तिच्यातला माल उचलून डिस्कवर ठेवायचा, पुन्हा आणायचा. पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच हा रोग नीट मांडला होता. चालू कामाला जेवढी पाने हाताशी लागतात तेवढी रॅममध्ये मावली नाहीत, तर यंत्राचा सगळा वेळ आणा-नेणीतच जातो. ती करकर त्याचीच होती. थोडी रॅम वाढवली असती तर निम्मे काम विमान न उतरवता झाले असते. पुढे वाढवली, आणि झालेही.

पण या सगळ्याहून जी गोष्ट लक्षात राहिली ती वेगळीच आहे. इतकी वर्षे आम्ही ती जाहीरपणे सांगितली नव्हती.

दोनपैकी पहिली डिस्क जोडली तेव्हा ती कोरी नव्हती. ती सर्व्हरमधल्या जुळ्या जोडीतली एक होती, म्हणजे दोन्ही डिस्कवर सारखीच माहिती लिहिली जाते त्यातली, म्हणून एकटी जोडूनही सगळे वाचता येत होते. एका पतसंस्थेचे काम तिच्यावर झालेले होते. कर्जदारांची नावे, पत्ते, रक्कम, थकलेले हप्ते, जामीनदार. आम्ही ताबडतोब बंद करायला हवे होते. केले नाही. कुतूहल म्हणा, आम्ही यादी खाली सरकवत गेलो, आणि एका ओळीत आमच्या ओळखीचे नाव दिसले. रोज सकाळी फिरायला भेटणारे गृहस्थ. जामीनदार म्हणून, आणि पुढे थकबाकीचा आकडा. मूळ कर्ज कोणाचे तेही शेजारीच होते, त्यांच्या धाकट्या भावाचे. हे दोघे बोलत नाहीत हे सगळ्या सोसायटीला माहीत होते. का बोलत नाहीत ते त्या दिवशी आम्हाला कळले.

मग डिस्क पुसली. दुसरी न बघताच पुसली. टोकापासून टोकापर्यंत शून्ये लिहायला एकेका डिस्कला पाव तास पुरला. पण आम्ही काय पुसणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ते भेटले, नेहमीसारखे "काय प्रोफेसर, कसे काय" म्हणाले, आणि आम्हाला त्यांच्याकडे नीट बघता येईना. त्यांना सांगावे का? सांगावे तर, तुमचे गुपित आम्ही वाचले, हे सांगणे आले. न सांगावे तर ती डिस्क जशी आमच्याकडे आली तशी तिची जुळी कुठे असेल, हे त्यांना कधी कळणारच नाही. आम्ही नाही सांगितले. पतसंस्थेला मात्र पत्र टाकले, उत्तर आले नाही. ते गृहस्थ आता नाहीत. आम्ही केले ते बरोबर होते असे आजही म्हणवत नाही.

ही काही आमच्यापुरती गोष्ट नव्हती. अमेरिकेत एमआयटीमधल्या गारफिंकल आणि शेलट या दोघांनी २००० ते २००२ च्या दरम्यान वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. त्यातल्या १२९ मधली माहिती उतरवून घेता आली. नीट पुसलेल्या किती होत्या? १२. बाकीच्यांत पत्रव्यवहार, वैद्यकीय मजकूर, पाच हजारांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक. पुष्कळ डिस्क मालकांनी फॉरमॅट केलेल्या होत्या. पण नेहमीचे फॉरमॅट करणे म्हणजे बहुतेकदा ग्रंथालयातली कार्डांची पेटी फेकणे. पुस्तके कपाटात तशीच उभी.

गर्दीसाठी घडवलेली वस्तू घरी आणली की ती गर्दीही तिच्याबरोबर येऊ शकते, हे वेगाच्या नादात आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

पंधरा हजार फेऱ्यांचा जमाना नंतर लवकरच मावळला. २००८ साली इंटेलची एक्स-२५ एम ही एसएसडी आली. तिच्यात फिरणारे काहीच नाही, हात नाही, तबकडी नाही. थांबणे मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत आले. मघाची ती पाच हजार तुकड्यांची गोळाबेरीज अर्ध्या सेकंदात. पंधरा हजारी डिस्क सेकंदाला अशा पावणेदोनशे मागण्या पुरवायची, ही हजारोंनी पुरवू लागली. तबकडीचा वेग वाढवण्यात बाराकुडापासून जी बुद्धी खर्ची पडली, तिच्यावर पाणी पडले असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. त्या काळात दुसरा उपाय नव्हता आणि तो उपाय उत्तम होता.

व्याख्यानाआधी काहींनी प्रश्न पाठवले होते, त्यातला एक घेतो आणि थांबतो. 'सर्व्हरच्या जुन्या डिस्क आजही स्वस्तात मिळतात, घ्याव्यात का?' वेगासाठी घेऊ नका. जुना संगणक मंद वाटत असेल तर आधी रॅम बघा, मग साधी एसएसडी. फोटो, कागदपत्रे यांची जास्तीची प्रत ठेवायला जागा हवी असेल तर सर्व्हरमधून निघालेल्या मोठ्या क्षमतेच्या, ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कचा विचार करायला हरकत नाही. मात्र एकीवर विसंबू नका, ती सोबतीत राहायला शिकलेली आहे, निदान दोन घ्या. जोड बघून घ्या. सॅस जोडणीची डिस्क घरच्या साटा जोडात बसत नाही, उलटे मात्र चालते. काही डिस्कवर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे तुकडे आखलेले असतात, त्या मुळातून पुन्हा आखल्याशिवाय घरच्या संगणकावर चालत नाहीत. किती तास चालली आहे हा आकडा डिस्क स्वतःच सांगते, तो विकत घेण्याआधी बघायला मागा.

आणि तुमची स्वतःची डिस्क देऊन टाकायची असेल तेव्हा, फिरणारी असेल तर शून्ये लिहा, सगळीकडे. एसएसडीला तेवढे पुरत नाही. ती आपल्या सोयीने माहिती आतल्या आत हलवत असते, वरून लिहिलेले जुन्याच जागी पडेल याची खात्री नसते. तिच्यासाठी पुसण्याचा तिचा स्वतःचा आदेश असतो, तो वापरा. आणि नवीन घेतलीत की पहिल्याच दिवशी कूटबद्ध करून घ्या. मग पुढे कोणाच्या हाती पडली तरी त्याला नुसते अंक दिसतील, आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला जाता येईल.